धोंड्याच्या महिन्यात ऐंशी किलो

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ज्येष्ठात अधिक महिना आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अधिक महिना म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीनेक वर्षांनी एकदा येतो, आणि आला की गावोगावचे जावई एकदम देव होतात. त्यांना सासुरवाडीला बोलवायचं, पाय धुवायचे, नवे कपडे करायचे आणि धोंडे खाऊ घालायचे. कणकेच्या जाड पारीत पुरण भरून उकडलेले धोंडे, वरून तुपाची धार. वाण तेहेतीसचं. एरवी तेहेतीस कोणी खात नाही, उरलेले डब्यात घालून देतात. पण लग्नानंतरचा पहिला धोंडा असला तर सासूसासऱ्यांच्या अंगात येतं, जावयानं समोर बसून खाल्ल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या ह्यांना ऐंशी किलोच्या आत यायचं होतं.

हे कबड्डी खेळायचे. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. अंबडच्या एका कारखान्यानं संघ पाळला होता. खेळाडूंना वर्षाच्या करारावर घ्यायचे, दुपारपर्यंत मशीनवर उभं करायचे आणि दोननंतर मैदानावर सोडायचे. मोठ्या स्पर्धेत चमकला तर साहेब लोक कायम करायचे, नाही चमकला तर करार संपला की हातात नारळ. ह्यांचा करार त्या पावसाळ्यात संपत होता आणि मोठी स्पर्धा अधिक महिन्याच्या शेवटी होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एकाच स्पर्धेत.

हे डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेल्या माणसाचा घोटा एकदा ह्यांच्या हातात आला की तो सुटायचा नाही. पण कबड्डीत वजनाची मर्यादा असते. आमच्या वेळी पुरुषांना ऐंशी किलो होती. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं करायचे, आणि काटा पुढे सरकला की कितीही मोठा खेळाडू असो, बॅग उचल आणि घरी जा. लग्नात हे बेतात होते. मग माझ्या हातचं खाऊन त्र्याऐंशीवर गेले. मला त्याचं केवढं कौतुक! शेजारणींना सांगायची, "बघा, कसे भरलेत!" असं भरलेलं नडतं हे मला कोणी सांगितलं होतं?

ते सांगायला सर आले. कारखान्यानं त्या वर्षी पहिल्यांदाच फिटनेससाठी वेगळे सर नेमले. वयानं ह्यांच्याएवढेच, अविवाहित, खेळाच्या शास्त्राची मोठी पदवी घेतलेले. त्यांच्या बॅगेत एक चिमटा होता. त्यानं ते खेळाडूंच्या दंडाची, पोटाची, पाठीची कातडी चिमटीत धरून चरबी मोजायचे. नऊ-दहा धिप्पाड गडी उघडे उभे आहेत, सर एकेकाला चिमटा लावतायत आणि गडी गुदगुल्यांनी उड्या मारतायत, असा देखावा मी स्वतः पाहिलाय. शिवाय त्यांच्याकडे एक कॅसेट होती. टेपमधून पीं आवाज आला की या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळायचं, पुन्हा पीं, पुन्हा पळायचं, आणि आवाज लवकर लवकर येत जायचा. आमच्या कॉलनीतली पोरं ते बघून आली आणि महिनाभर गल्लीत तोंडानं पीं पीं करत धावत होती. माझं डोकं उठलं.

त्याआधी ह्यांच्या संघात वजन उतरवायची एक पद्धत होती. शेवटचे दोन दिवस पाणी बंद, अंगात रेनकोट, आणि मे महिन्याच्या उन्हात पळायचं. सरांनी ते ऐकलं आणि लालबुंद झाले. म्हणाले, "ते पाण्याचं वजन आहे रे! काट्यावर कमी दिसेल, पण संध्याकाळी मैदानात पाय उचलणार नाहीत. चरबी जायला हवी आणि ताकद राहायला हवी. त्याला महिना लागतो. रोज तासभर सावकाश पळ, लांब पळ." ह्यांनी तोंड वाकडं केलं. कबड्डीवाल्यांना लांब पळणं म्हणजे शिक्षा वाटते. श्वास धरून अर्धा मिनिट मुसंडी मारणं हे त्यांचं काम, तासभर रस्त्यानं दुडकत जाणं हे त्यांना पोस्टमनचं काम वाटायचं. ह्यांनी होय म्हटलं आणि पळायचं काही नाव घेतलं नाही.

मग सर माझ्या स्वयंपाकघरात आले. खरंच आले हो, चपला काढून आत. तेलाची बरणी उचलून उजेडात धरली, पिठाचे डबे उघडून बघितले, आणि ओट्याच्या वर भिंतीला एक तक्ता चिकटवला. सकाळी मोड आलेले मूग आणि अंड्याचा पांढरा भाग, दुपारी दोन फुलके नि डाळ, रात्री दुधीचं सूप. साखर नाही, तूप नाही, आमरस नाही. मे महिन्यात आमरस नाही! मी म्हटलं, "सर, तुम्ही जेवता तरी का?" तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातात ह्याची नोकरी आहे."

झालं. हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. माझा स्वभाव असा की, एखादी गोष्ट अंगावर घेतली की मग मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. या खेपेला तर ते शब्दशः खरं झालं.

कारण दुसऱ्याच रविवारी माझे वडील आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे, भाजीपाला नि थोडा झेंडू. अण्णा लुनावरून आले होते, पायात नवी चप्पल, हातात गवारीची पिशवी. पाणी प्यायले आणि म्हणाले, "जावईबापूंच्या मापाचा एक शर्ट दे. गुरुवारी धोंडा करायचा. तुझ्या आत्या येऊन ऱ्हायल्यात, मामालाबी सांगितलंय. आईनं डाळ निवडून ठेवली."

मी नाही म्हटलं. ह्यांची नोकरी आहे, वजन आहे, सरांचा तक्ता आहे, यंदा धोंडा करायचा नाही. अण्णांना आधी ती चेष्टाच वाटली. म्हणाले, "अगं दोन खातील फक्त." मी म्हटलं, "दोन नाही, अर्धाही नाही. तुमच्याकडे एकदा पाटावर बसवलं की दोनावर कोण थांबतंय? आई हात धरून वाढते." अण्णा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि उठले. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. हे दारापर्यंत त्यांच्या मागं गेले आणि लुना दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर आईचा फोन आला. "पहिला धोंडा हाय गं पोरी. आख्ख्या भावकीला सांगून बसले मी. आता काय सांगू? जावयाला आमच्या घरचं चालत नाय म्हणून सांगू?" मी म्हटलं, "जे सांगायचं ते सांग. तुझे धोंडे खाऊन ह्यांची नोकरी गेली तर पोसणार आहेस का आम्हाला?" शेजारच्या काकू कान टवकारून उभ्या होत्या म्हणून मी आणखीच ताठ बोलले. आईनं फोन ठेवला. त्यानंतर तिकडून ना फोन, ना निरोप, ना भाजीची पिशवी.

मग आमच्या घरात दुधीचं राज्य सुरू झालं. ह्यांना एकट्याला कसं वाढायचं, म्हणून मीही तेच खायची. सकाळी मूग, रात्री दुधी. मी शिकवायची त्या बालवाडीला सुट्टी लागली होती, त्यामुळे दिवसभर घरात बसून मला खाण्याचेच विचार यायचे. समोरच्या बिऱ्हाडातून आमरसाचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची. रात्री अंथरुणावर पडलं की आईचा आवाज आठवायचा आणि रडू यायचं. भूक लागली म्हणून रडतेय की आई बोलत नाही म्हणून, ते माझं मलाच कळायचं नाही.

आणि हे? हे शांत. पहिला आठवडा चिडचिड केली, सूप बघून "हे काय भांडं धुतलेलं पाणी?" म्हणाले. नंतर एकदम गरीब गाय. संध्याकाळी सरावाहून उशिरा यायचे. म्हणायचे, सरांनी जास्तीचा सराव लावलाय. आले की घामाघूम, अंघोळ करायचे, पुढ्यातलं सूप अर्धं प्यायचे आणि म्हणायचे, "बास, भूक नाही." मला केवढा अभिमान! कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटले की, मनाचा निग्रह शिकावा तर आमच्या ह्यांच्याकडून. एवढा मोठा देह आणि वाटीभर दुधीवर समाधान! काकू म्हणाल्यासुद्धा, "अगं, चेहऱ्यावर तेज आलंय त्यांच्या." आलंच होतं. मी मात्र वाळून चिपाड झाले होते.

सरांचा आनंद तर गगनात मावेना. दर सोमवारी वजन, चिमटा आणि सकाळची नाडी अशी तपासणी असायची. बाकीच्या संघाचे हाल होते. निम्मे गडी नुकतं लग्न झालेले, एकेक जण रविवारी सासुरवाडीला जाऊन यायचा आणि सोमवारी नवा शर्ट घालून दीड किलो जास्तीचा काट्यावर उभा राहायचा. सर कपाळाला हात लावायचे. एकाला तर म्हणाले, "तुझ्या सासूला बोलव, तिला आधी चिमटा लावतो." पण ह्यांचं वजन दर आठवड्याला उतरत होतं, आणि ताकद कमी व्हायच्याऐवजी वाढत होती. पीं पीं च्या परीक्षेत सगळे आडवे झाले तरी हे पळतच होते. सकाळची नाडी संथ झाली होती. सर मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, माझा तक्ता आणि तुमची शिस्त. पुस्तकात लिहावं असं उदाहरण आहे." मी घरी येऊन तक्त्याला उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली.

स्पर्धेची सकाळ उजाडली.  सोमवारी शेवटचं वजन केलं तेव्हा हे काठावर होते, आणि मधल्या दिवसांत थोडं इकडचं तिकडे झालं तर संपलं सगळं. मी साडी नेसून मैदानावर गेले. तंबूच्या बाहेर काटा ठेवला होता, शेजारी पंच खुर्ची टाकून बसलेले. संघ ओळीनं उभा. कारखान्याचे साहेबही आले होते, गॉगल लावून. आणि गर्दीत बघते तर अण्णा! पांढरी टोपी, हात छातीशी जोडलेले, ओठ पुटपुटतायत. मला बघून त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, अजून राग आहे. तरी जावयासाठी आलेत. डोळे भरून आले माझे.

ह्यांचा नंबर आला. शर्ट काढला, बनियन काढलं, गळ्यातला ताईत काढून माझ्या हातात दिला. काट्यावर चढले. काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला, आणि थांबला. पंच वाकले. "एकोणऐंशी, वर थोडं. चला पुढचा."

सरांनी दोन्ही हात वर केले. आणि माझ्या मागून अण्णांचा आवाज आला, आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा, "सुटलो रे बाबा! मला वाटलं, माझे धोंडे नडतात आता!"

मी वळले. "कुठले धोंडे?"

अण्णांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे काट्यावरून उतरत आभाळाकडे बघायला लागले, जसं काही पाऊस कधी येतो याचीच त्यांना काळजी.

"अण्णा, कुठले धोंडे?"

"त्ये... जावईबापू यायचे ना संध्याकाळचे. एक-एक खायचे, कधी दोन. घरचेच व्हते, जास्त तूप नाय घातलं."

"किती झाले?"

"तीस," अण्णा म्हणाले. मग घाईघाईनं, "तीन ऱ्हायलेत अजून. आज वजन हाय म्हणून काल दिले नाय."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. महिनाभर मी दुधी खातेय, खिडक्या लावून घेतेय, आईच्या आठवणीनं उशी भिजवतेय आणि हे तिच्याच हातचे धोंडे हाणून येऊन मला "भूक नाही" म्हणतायत! मी तिथंच सुरू झाले. साहेब होते, पंच होते, कशाची पर्वा नाही. ह्यांचा संघ हसून हसून मैदानात लोळत होता. सर तेवढे हसत नव्हते. ते पांढरेफटक पडून मनातल्या मनात काहीतरी हिशेब करत होते.

"तीस धोंडे?" त्यांनी विचारलं. "पुरणाचे? आणि वजन उतरलं कसं?"

"पळत जायचो," हे म्हणाले.

"कुठे?"

"मखमलाबादला."

अंबडहून सगळं शहर ओलांडून, नदी ओलांडून पार मखमलाबादच्या पुढे. सराव संपला की हे तसेच निघायचे. अण्णांच्या ओट्यावर बसून दम खायचे, मग धोंडे खायचे, आणि येताना अण्णा त्यांना लुनावर घालून आणायचे. एवढा गडी लुनावर! चढ आला की ह्यांनी उतरून ढकलायचं, असं ते दोघं.

सरांनी बोटांवर अंतर मोजलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, म्हणजे रोज लांब पळ म्हणून सांगितलं होतं ते ऐकलंस की माझं!" आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, प्रत्येकाला वेगळा कार्यक्रम द्यावा लागतो. ह्याला पळायला कारण लागत होतं." खोटं म्हणता येणार नाही, पळणं त्यांनीच सांगितलं होतं. मग अण्णांना बाजूला घेऊन विचारायला लागले की, एक धोंडा साधारण किती ग्रॅमचा असतो. अण्णा म्हणाले, "साहेब, ह्ये असं वजन करून कुठं वाढत्यात का? तुमचं लगीन होऊ द्या, मग कळंल."

माझं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर अडकलं होतं. मी अण्णांना विचारलं, "तुम्ही लुनावर ह्यांना कुठपर्यंत सोडायचात?"

"तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापाशी."

"रोज? माझ्या घरापासून एका गल्लीवर रोज यायचात आणि तसेच परत जायचात?"

"तू रागावली व्हतीस ना," अण्णा म्हणाले. एवढंच.  भांडायला उभी राहिलेली मी, पदरानं डोळे पुसायला लागले.

सामने झाले. ह्यांनी त्या दोन दिवसांत एवढे घोटे धरले की, समोरचे चढाईला येताना डावी बाजू टाळूनच खेळायला लागले. शेवटचा सामना आम्ही थोडक्यात हरलो, पण साहेबांनी मैदानात येऊन ह्यांचा हात हातात घेतला. कायमची ऑर्डर दिवाळीच्या आधी आली. ते आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको.

शेवटच्या सामन्याच्या रात्री आम्ही दोघं स्कूटरवरून घरी निघालो.   सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. नोकरी गेली असती तर?"

"दुसरी बघितली असती." सिग्नल सुटला तरी हे निघेनात. मागचे हॉर्न वाजवत होते. "अगं, तू माझ्या नोकरीसाठी आईबापाला तोडायला निघालीस. अण्णा त्या दिवशी चहा न घेता गेले. मी कुठल्या तोंडानं घरी बसून दुधी खायचा?"

मला एवढा राग आला होता, पण तो कुठल्या कुठे गेला. इतके दिवस मला वाटत होतं, ह्यांच्यासाठी मी एकटीच झिजतेय. मी म्हटलं, "घरी नको. मखमलाबादला घ्या." मागच्या हॉर्नवाल्याला हात दाखवून ह्यांनी स्कूटर वळवली.

पोचलो तेव्हा आई ओट्यावरच बसली होती. मी पायऱ्यांशीच घुटमळले. फोनवरचं सगळं बोलणं आठवत होतं. आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि ती आत गेली. बाहेर आली ती एक पाट आणि एकच ताट घेऊन. ताटात तीन धोंडे, वर तूप. हे सवयीनं पुढे झाले, पाय दुमडून बसायलाच लागले होते.

"तुम्ही थांबा," आई म्हणाली. "तुम्हाला महिनाभर वाढलंय. आज ती बसंल."